आतली बंडी

इद्वलनं दारातच शर्टाची बटणं सोडली.
दोन्ही खांद्यांवर, गळ्याच्या हाडालगत
पत्र्याच्या कडेनं कोरलेल्या जांभळ्या रेघा.
"रोमन लोकांचे खांदे कशाचे होते गं, मेरवेन?"
म्हटलं, मांसाचेच असणार.
घालत असतील आतून काहीतरी.

काय घालत, ते कुणालाच धड माहीत नाही.
संग्रहालयातला तेगिद सांगतो:
लोखंड सापडतं, पितळेच्या बिजागऱ्या सापडतात,
वहाणांचे खिळे तर ओंजळभर.
कापड नाही. आमच्या ओल्या मातीनं ते केव्हाच खाल्लं.
मागं उरलाय एक लॅटिन शब्द,
आणि नुसत्या शब्दावर बेतता येत नाही.

चाळीस वर्षं मी रजया भरल्या.
डोंगरातल्या मेंढ्यांची लोकर, हातानं पिंजलेली,
वर धावदोऱ्यात गोगलगायीची वेटोळी,
आईनं खडूनं आखून दिली होती तशीच.
सगळं लोकांच्या झोपेसाठी.
लढाईसाठी हे पहिलंच.
लढाई म्हणजे जुलैतला शनिवार,
कार्लिऑनचं गवत चढलेलं रिंगण,
आइस्क्रीमची गाडी,
आणि घामानं निथळणारे आठजण,
त्यातला एक दाताचा डॉक्टर.

पहिली बंडी फसली.
लोकर भरताना माझा हात रजईचाच राहिला,
इद्वल त्यात बुजगावण्यासारखा उभा,
हात खाली येईनात, ढाल पेलेना.
हसला नाही बिचारा. मीच हसले,
मग दोन संध्याकाळी उसवत बसले.

दुसऱ्यांदा माप घेतलं ते बोटांनी.
तेव्हा लागलं हाताला:
डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली.
एकवीस वर्षं टपालाची पिशवी त्याच बाजूला,
आमच्या चढाच्या गल्ल्या, कुत्री, फाटकं,
तिसऱ्या मजल्यावरची माणसं.
बोलले नाही काही.
डाव्या खांद्यात एक थर वाढवला,
काखेत कापड कोरून काढलं,
लिननचे दोन पदर, मधे लोकर बेताची,
उभ्या टिपा, दोन बोटांच्या अंतरानं.
तीन सुया मोडल्या. अंगुस्तानाला भोक पडलं.

चिलखत वर चढवलं तेव्हा
पट्ट्या एकीवर एक सरकत खाली आल्या
आणि बसल्या.
किणकिण थांबली एकदम.
इद्वलनं मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली,
म्हणाला, "काहीच वाटत नाही."
माझ्या कामाला
याहून बरं कुणी काही म्हटलेलं आठवत नाही.

सोमवारी बंडी परत घेऊन आला,
चेहरा खिडकी फोडलेल्या पोराचा.
"डाग पडलेत."
घाम आणि लोखंड.
लिननवर तांबूस कमानी उमटल्या होत्या,
पट्टीखाली पट्टी, बिजागरीशी बिजागरी,
आणि डाव्या खांद्यावर
एक डाग बाकीच्यांपेक्षा गडद.

तेगिदनं ती खिडकीशी धरली.
बराच वेळ धरली. चहा निवला त्याचा.
मग हळूच विचारलं, "हे धुतल्यानं जातं का?"

जातं.
लिंबू, मीठ, ऊन. चिवट असेल तर पुन्हा लिंबू.
मला नाही तर कुणाला माहीत असणार!
लानवर्नच्या पोलाद कारखान्यातून ग्लिन घरी यायचा,
रोज बनियनवर तोच रंग,
पाठीवर, काखेत, पट्टा बसायचा तिथं.
सव्वीस वर्षं घासले मी ते डाग.
शेजारणी म्हणायच्या, मेरवेनची दोरी बघा, कशी पांढरीशुभ्र.
एकही राहू दिला नाही.

तेगिदला म्हटलं, नाही जात.

इद्वलला म्हटलं, पाण्यात घालू नकोस,
वाऱ्यावर टाक, उलटी करून.
आणि पुढच्या शनिवारच्या आत आण एकदा,
डावीकडे अजून चिमूटभर लोकर लागेल.